मानशीचा धनी कोण? गोव्याच्या खाजनात भात परत आणण्याचं प्रकरण

ओहोटी लागली की मानशीचं, म्हणजे नदीकाठच्या बांधातल्या झडपेचं, दार आपोआप उघडतं. दोर ओढायला किंवा चाक फिरवायला माणूस लागत नाही. जाड फळ्यांचं दार वरच्या तुळईला टांगलेलं असतं. नदी उतरली की आतल्या पाण्याचा रेटा त्याला बाहेर ढकलतो आणि शेतातलं पाणी फेसाळत नदीत जातं. भरती चढू लागली की तीच नदी दार परत चौकटीवर दाबून धरते. फटीतून दोन-चार धारा आत येतात, फळीला चिकटलेली कालवं दिसतात, बास. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, म्हणजे वर्षभरात चौदाशेच्या आसपास वेळा हे दार हलतं. रायगडच्या खारेपाटात हिलाच उघाडी म्हणतात. गोव्यात ती मानस. मनाशी तिचा संबंध नाही, पण बोलताना गोंधळ होतो खरा.

गोव्यातली सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन जमीन, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेली नदीकाठची सखल शेतजमीन, अशा दारांच्या आणि त्यांना जोडलेल्या मातीच्या बांधांच्या भरवशावर उभी राहिली. तिथला खारा भात, म्हणजे खाऱ्या जमिनीत तग धरणारा भात, गेल्या पन्नास वर्षांत मागे हटला. आता तो परत आणायचे प्रयत्न चालू आहेत. बातम्यांत हे प्रकरण सहसा बियाण्याची गोष्ट म्हणून येतं: जुनं वाण हरवलं, शास्त्रज्ञांनी शोधलं, शेतकरी सुखावला. माझ्या मते बियाणं हा यातला सर्वांत सोपा भाग होता. अडलंय ते दारापाशी.

खाजन चालतं कसं

मांडवी, जुवारी, साळ, शापोरा या नद्यांचे काठ मुळात कांदळवनाचे, भरतीला बुडणारे. गावकऱ्यांनी नदीकडेने बांध घातले. आतून चिखलाची ढेकळं एकावर एक थापून, मध्ये पेंढा आणि काटक्या, बाहेरच्या अंगाला जांभा दगड. आतल्या जुन्या खाडीफाट्याला पोंय म्हणतात. शेतातलं पाणी पोंयीत उतरतं, पोंय मानशीशी येते, मानस नदीला मिळते. नदीपासून लांबची, जरा उंच शेतं गोड. पोंयीच्या काठची, नदीच्या भरतीपातळीपेक्षाही खालची शेतं सर्वांत खारी. खाऱ्या भाताची खरी जागा तीच.

वर्षाचं वेळापत्रक पावसाने ठरवलेलं. उन्हाळ्यात मीठ वर येतं आणि भेगाळलेल्या चिखलावर पांढरी खपली धरते. मे महिन्यात जमीन मोठ्या ढेकळांत नांगरून ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी ढेकळाच्या पोटात शिरून मीठ सोडवतं. हे पाणी शेतात तुंबू द्यायचं, ओहोटीला मानशीतून काढून टाकायचं, पुन्हा तुंबू द्यायचं. एक-दोन सरी पुरत नाहीत. जमीन अशी धुऊन निघाली की मोड आणलेलं बी फेकायचं. त्याच सुमाराला नदीतही डोंगरावरचं गोडं पाणी भरतं आणि मांडवी पावसाळाभर वरून जवळजवळ गोडी वाहते. या खिडकीत पीक निघालं तर निघालं. ऑक्टोबरात पाऊस सरला की नदी परत खारायला लागते.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण पुढची सगळी भानगड त्यावर बेतलेली आहे. भात मिठाला दोन वेळा फार हळवा असतो: रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात. साधारण भाताचं उत्पन्न मातीची क्षारता तीन डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की घटू लागतं, आणि उन्हाळ्यातल्या खाजनाची क्षारता याच्या कितीतरी पट असते. म्हणून बी फेकायला उशीर झाला तर नुकसान पेरणीच्या वेळी दिसतच नाही. शेत हिरवंगार दिसतं. पण फुलोरा पाऊस संपल्यावर येतो, तोवर खालून मीठ परत चढलेलं असतं आणि लोंबीत दाण्याऐवजी फोल निघतो. ही हार ऑक्टोबरात डोळ्यांना दिसते, पण झालेली असते जूनमध्ये.

भात कापला की मानशीचं काम उलटं. आता खारं पाणी मुद्दाम आत घ्यायचं. त्याच्याबरोबर सुंगटांची (कोळंबीची) पिल्लं, शेवटे, काळुंदर, चोणक, कुर्ल्या येतात. चोणक म्हणजे अलिबागकरांचा जिताडा. कुजणारा पेंढा आणि शेतातला गाळ हे त्यांचं खाणं. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला रात्री ओहोटीच्या तोंडावर मानशीला पिशवीसारखं जाळं लावायचं. पाण्याबरोबर मासळी आपण होऊन त्यात येते. पुढच्या पावसाआधी पाणी काढून टाकायचं. माशांची विष्ठा आणि गाळ भाताचं खत होतं. म्हणून या शेतांना बाहेरून फारसं काही घालावं लागत नसे.

हे सांभाळत कोण होतं

सहाव्या शतकाच्या आसपासच्या गोव्यातल्या ताम्रपटात ‘खज्जन’ हा शब्द येतो, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही ही जमीन नावानिशी ओळखली जात होती. जमीन कुणा एकट्याची नव्हती. गावकारी नावाची गावसंस्था तिची मालक. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात (सनदेत) या संस्थेच्या रूढी लिहून काढल्या, पुढे तिला कोमुनिदाद म्हटलं, आणि १९६१ पर्यंत तिच्यासाठी संहिता काढत राहिले. नाव बदललं तरी मांडणी तीच: शेतांचे तुकडे ठराविक मुदतीसाठी पावणीत (लिलावाला तिथे पावणी म्हणतात) द्यायचे, आलेल्या पैशातून आधी बांध, मानस, देवळाचा किंवा चर्चचा खर्च, आणि उरलं तर गावकारांना वाटा, म्हणजे जोण.

या व्यवस्थेला गोंजारायची गरज नाही. गावकार ठरावीक घराण्यांचे पुरुष. चिखलात कमरेपर्यंत उतरून बांध थापणारे बहुतेक वेळा दुसरेच, आणि कसणाऱ्या कुळाच्या पदरात पडे ते थोडं. पण एक गोष्ट तिच्यात पक्की होती: बांधाचा पैसा आधी बाजूला निघायचा. खेकड्याने बांधात बीळ केलं तर ते कुणाच्या नावावर, हा प्रश्नच येत नसे.

खेकड्याचं बीळ हा विनोद नाही. मुठीएवढं भोक बांधाच्या बाहेरच्या अंगाला सुरू होतं आणि आत तिरकं जातं. ओहोटीला ते कोरडं दिसतं. भरतीला त्यातून पाण्याची करंगळीएवढी धार आतल्या बाजूला उगवते आणि आपल्याबरोबर माती नेते. त्याच दिवशी ढेकूळ ठोकून बुजवलं तर काम दहा मिनिटांचं. आठवड्याने एक टोपली माती लागते. उधाणाची रात्र मध्ये आली की तिथे खांड पडते, म्हणजे बांध फुटतो, आणि मग होड्या, बल्ल्या, दगड, मजूर, टेंडर. म्हणून बांधावरून रोज फिरणारा माणूस हा खाजनातला सर्वांत स्वस्त विमा होता.

घडी कशी विस्कटली

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. १९६४ चा कृषी कूळ कायदा आला, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन झाली. कूळ मालक झालं. हे व्हायलाच हवं होतं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत राबणाऱ्याला सातबारा मिळाला, याला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. (गोव्यात तो एक-चौदाचा उतारा असतो, पण भावना तीच.) मात्र कायद्याने शेताचे तुकडे वाटले, बांध आणि मानस वाटता येण्यासारखे नव्हते. त्यांच्यासाठी कुळांच्या संघटना केल्या गेल्या. कोमुनिदादीचं उत्पन्न गेलं, त्यामुळे तिने हात काढून घेतला. कुळांच्या संघटनांकडे जबाबदारी आली, पण उत्पन्नाचं एकच ठळक साधन राहिलं: मानशीत जाळं लावायच्या हक्काची पावणी.

पूर्वी मासळी ही भाताच्या मागून येणारी वरकड कमाई होती. सुंगटांना परदेशी बाजार मिळाला, भाव चढले, आणि माप उलटलं. पावणी घेणारा मोठी रक्कम मोजतो, म्हणून त्याला पाणी जास्त दिवस हवं, खारं हवं, आणि जाळ्यात ओढ बसावी म्हणून दार अगदी खोल ओहोटीला एकदम सोडायचं असतं. अशा जोरदार प्रवाहाने मानशीच्या पायाखालची माती उकरली जाते. जूनमध्ये शेत धुवायला दार नीट चालू हवं, तेव्हा ते वाकलेलं. काही ठिकाणी पाणी बाहेर सोडायलाच उशीर होतो. पावणीवाल्याला दुष्ट ठरवून उपयोग नाही. त्याच्या करारात मासळीचा हिशोब आहे, भाताचा नाही, आणि तो करारानेच वागतो.

मग साखळी सुरू होते. सर्वांत खालचं शेत आधी खारं होतं. त्याचा धनी पणजीला किंवा आखातात नोकरीला, किंवा बोटीवर. तो पेरणं सोडतो. पडीक शेतातून पाणी शेजाऱ्याच्या शेतात झिरपतं. दोन-तीन वर्षांत शेजारीही थांबतो. खाजनात एकट्याने शेती करता येत नाही, तशी ती एकट्याने सोडताही येत नाही. सोडणाऱ्याच्या मागे सगळी रांग लागते.

बाहेरून दोन धक्के बसले. मांडवी-जुवारीतून लोहखनिजाच्या बार्जी रात्रंदिवस जायच्या. भरलेली बार्ज अरुंद पात्रातून गेली की मागून लाट काठावर चढते, आणि कुंभारजुवे कालव्यासारख्या ठिकाणी ती थेट बांधावर आपटते. दुसरा धक्का भरावाचा. पणजी-रायबंदरचा जुना बंधारावजा रस्ता सतराव्या शतकातला. तेव्हापासून रस्ते, मग कोकण रेल्वे, मग महामार्ग आणि वसाहती सगळ्यांना सपाट, स्वस्त खाजनच सोपं वाटलं. भराव पडला की पोंय अर्धी बुजते आणि पाण्याला मानशीपर्यंत वाटच राहत नाही. बार्जींवर सगळं खापर फोडायची सोय मात्र २०१२ मध्ये गेली. त्या सप्टेंबरात गोव्यात खाणी बंद झाल्या आणि नदी बरीच शांत झाली. बांध काही आपोआप जोडले गेले नाहीत.

कांदळाचा पेच

खांड पडून चार-पाच वर्षं भरती आत-बाहेर करत राहिली की कांदळ उगवतो. बिया पाण्याबरोबर येतात, चिखल तयारच असतो. आता ते भाताचं शेत की कांदळवन? कागदावर शेत, डोळ्यांना वन, आणि कायद्याला दोन्ही प्यारी. २०११ च्या सागरतट नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी स्वतंत्र तरतूद आहे: खाजन जपायचं, त्यात बांधकाम होऊ द्यायचं नाही, आणि खाजनालगतचा कांदळही जपायचा. बांधाच्या बाहेरचा कांदळ बांधाला लाटांपासून वाचवतो, तेव्हा तिथे हे दोन्ही हेतू एकाच दिशेने जातात. बांधाच्या आतल्या कांदळाचं काय करायचं, इथे अडतं. तोडला तर गुन्हा होऊ शकतो, ठेवला तर शेत नाही.

रायगडच्या खारेपाटातही हीच तक्रार ऐकू येते. मला शेतकऱ्याचं बोलणं पटतं आणि तरी सरसकट तोडायची मुभा द्यावी असं वाटत नाही, कारण मुद्दाम खांड ठेवून, शेत नापीक दाखवून, पुढे भराव टाकायची वाट मोकळी करणारेही आहेत. जिथे कांदळ दाट झालाय तिथे तो आता राहू दे; भातासाठी प्रयत्न त्या खाजनांत करावेत जिथे बांध फुटून एक-दोनच वर्षं झालीत.

बियाण्याची गोष्ट, थोडक्यात

खारा भात म्हणजे कोरगुट. आसगोसारखी आणखी नावं आहेत, पण टिकून राहिला तो मुख्यतः कोरगुट. उंच वाढतो, त्यामुळे शेतात पाणी चढलं तरी शेंडा वर राहतो. पण दाणा भरला की वाऱ्याने आडवाही पडतो. उकडून जाडसर तांदूळ केला की त्याची पेज पोटाला धरून राहते. जया आणि ज्योती ही वाणं गोव्यात लोकप्रिय झाली ती गोड्या शेतांत. खाऱ्या शेतात त्यांना नेलं की पहिल्याच कोरड्या आठवड्यात पानांची टोकं करपतात.

कोरगुट हे काय वेगळं करतो? मिठातला सोडियम मुळातून वर पानापर्यंत जाऊ देत नाही, निदान कमी जाऊ देतो, आणि त्याच्या जागी पोटॅशियम उचलतो. केरळच्या पोक्काळी भातात याच गुणाशी जोडलेला गुणसूत्राचा तुकडा सापडला. त्याला सॉल्टॉल म्हणतात आणि तो जगभरच्या भातपैदाशीत वापरला गेला. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटच्याच साठ्यातून निवड करत गोवा धान १ आणि गोवा धान २ ही वाणं दिली. म्हणजे बाहेरून काही आणलं नाही. शेतकऱ्याच्या कणगीतल्या सरमिसळ बियाण्यातून चांगल्या ओळी वेगळ्या काढल्या. काम नेटकं झालं. महाराष्ट्रात पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ दिली, तेही त्याच जातीचं काम.

पण सहनशील वाण म्हणजे मीठ पिणारं वाण नव्हे. त्याला इतरांपेक्षा थोडी जास्त सवलत असते, एवढंच. ज्या शेतात रोज दोन वेळा भरती येते तिथे कोरगुटही मरतो. बी मोफत वाटलं, मानस तुटकीच राहिली, आणि नंतर ‘वाण चाललं नाही’ असा शेरा पडला, तर तो शेरा चुकीच्या नावावर पडतो.

परत आणायचं तर क्रम कोणता

प्रयत्न करणाऱ्या गावांत मला सर्वाधिक फरक दिसतो तो क्रमात. आधी खांड बुजवायची आणि मानस बदलायची, तीही नोव्हेंबर ते मार्चमध्ये. काम मेअखेरीपर्यंत रेंगाळलं की ओली माती दबायच्या आत उधाण येतं. मग पोंय उपसायची, कारण दार नवं आणि वाट बुजलेली असेल तर पाणी निघतच नाही. त्यानंतरचा पहिला पावसाळा फक्त धुण्यासाठी ठेवावा. याला कुणी तयार होत नाही. पैसे खर्च झालेत, अधिकाऱ्याला हिरवं शेत दाखवायचंय. तरीही पहिल्या वर्षी फार तर पोंयीपासून लांबच्या वरच्या तुकड्यांत बी टाकावं. खालची शेतं दुसऱ्या वर्षी.

यंत्रांचा प्रश्न वेगळाच. कापणीचं मोठं यंत्र खाजनाच्या चिखलात रुततं. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी भाताच्या भावाला परवडत नाही. खालच्या शेतांत लोंबी तेवढी कापून पेंढा तिथेच सोडला तर श्रम वाचतात आणि मासळीला खाणंही मिळतं. केरळात पोक्काळी अशीच कापतात.

केरळाचं उदाहरण आणखी एका कारणासाठी पाहण्यासारखं आहे. एर्नाकुलम, आलप्पुळा, त्रिशूर भागात पोक्काळी शेतात कोळंबीचा परवाना १५ नोव्हेंबर ते १४ एप्रिल एवढ्याच मुदतीचा असतो. उरलेला काळ भाताचा. ‘एक भात, एक मासा’ हे तिथलं अधिकृत धोरण. पोक्काळीला भौगोलिक मानांकनही आहे. तरी तिथलं भाताचं क्षेत्र घटतच गेलं, कारण मुदत कागदावर असून भागत नाही, १४ एप्रिलला पाणी सोडायला लावणारा कुणीतरी लागतो. महाराष्ट्रात १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने बांध सरकारी खात्याकडे गेले. तिथे उलटा प्रश्न: खांड पडली की गाव अर्ज करतं आणि बसून राहतं, खेकड्याचं बीळ बुजवायला कुणी जात नाही. एका टोकाला सगळं बाजारावर, दुसऱ्या टोकाला सगळं खात्यावर.

गोव्याजवळ निदान कुळांची संघटना हा सांगाडा उभा आहे. जमीन विकली जाऊ नये म्हणून कायदेही आहेत: कुळाला मिळालेली शेतजमीन बिगरशेतीसाठी वापरायला १९९१ च्या कायद्याने बंदी घातली, आणि शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ मध्ये निर्बंध आले. या कायद्यांनी शेत शेत म्हणून नोंदलेलं राहतं. त्यात भात पिकतो की शेवाळ, हे ठरतं मानशीच्या पावणीत.

म्हणून मी पहिला हात त्या पावणीच्या कागदाला घालेन. आज त्यात बोलीची रक्कम आणि मुदत असते. त्यात आणखी चार ओळी हव्यात: खारं पाणी आत घ्यायला कापणी संपल्यावरच सुरुवात, शेतं कोरडी करायची शेवटची तारीख मेच्या नांगरणीच्या आधीची, दार एकदम सोडायला मनाई, आणि बोलीच्या रकमेचा ठरलेला हिस्सा वाटपाच्या आधी बांधाच्या खात्यात. शिवाय त्यातूनच बांधावर फिरणाऱ्या एका माणसाचा पगार. बोली थोडी कमी येईल. पहिल्या सभेत आरडाओरडा होईल, कारण ज्यांनी शेत कधीच सोडलंय त्यांनाही मासळीचा वाटा मिळत असतो आणि तो घटणार असतो. पेरणाऱ्याला वाट्यात झुकतं माप द्यायचं की नाही, यावरच बहुतेक सभा मोडतात.

आणखी एक बारीक गोष्ट राहिली. मानशीच्या दाराखेरीज चौकटीच्या खाचेत सुट्या फळ्या बसतात. त्या लावल्या-काढल्या की आतल्या पाण्याची पातळी ठरते. भाताच्या चार महिन्यांत त्या पावणीवाल्याच्या खोपटात असतात की शेत पेरणाऱ्या कुळाच्या पडवीत, हे गावात गेल्यावर आधी विचारावं.